फोरमनची दहा मिनिटं

७ जानेवारी

चि. मुंगीस,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ते दोनदा उलटसुलट केलं असशील. अक्षर माझंच आहे. पत्ता तू आईला पाठवलेल्या स्वेटरच्या खोक्यावरून उतरवून घेतला. खोकं तिने चपलांच्या कपाटावर दर्शनी भागात ठेवलं होतं, त्यामुळे मी काही शोधाशोध केली असं समजू नकोस. घरी सगळं ठीक. माझे गुडघे वयाप्रमाणे.

लिहायचं कारण एवढंच की मला एक माहिती हवी आहे.

मी चार वर्षांपूर्वी रिटायर झालो हे आईने तुला सांगितलं असेलच. पण गेल्या दोन महिन्यांपासून पंपघरातून पुन्हा बोलावणं येतं, मंगळवारी आणि गुरुवारी. झालंय असं, की येत्या वर्षात तिथले तीन जुने ऑपरेटर निवृत्त होणार, आणि गावाला पाणी चढवणारे ते पाच पंप कसे सांभाळायचे हे छापील पुस्तकापेक्षा त्या तिघांच्या डोक्यातच जास्त आहे. थोडंफार माझ्याही. म्हणून साहेबांनी ठरवलं, माणसं जायच्या आत सगळं लिहून काढायचं. मला वाटलं, या कामाला एखादा इंजिनियर येईल. आली कोण, तर सत्तावीस वर्षांची एक मुलगी, काखेत जाड वही, आणि शिक्षण काय म्हणून विचारलं तर इतिहासात एम. ए.

मी साहेबांना बाजूला घेऊन म्हटलं, "पंपांची बखर लिहायचीय का आपल्याला?" साहेबांना हसू आलं नाही.

तिला आम्ही वहीवाली म्हणतो. पहिल्या दिवशी तिला पंप कुठे संपतो आणि मोटर कुठे सुरू होते हे कळत नव्हतं, आणि तिने ते तसं सांगूनही टाकलं. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे पंपघरात कोणी कधी कबूल करत नाही, त्यामुळे आम्ही जरा चाटच पडलो. मग तिने मला विचारलं, "काका, सकाळी पंपघरात शिरल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय करायचात?"

"मीटर बघायचो."

"आणि मीटरच्या आधी?"

शेवटी सांगितलं. मीटरच्या आधी मी दारात उभा राहून ऐकायचो. छत्तीस वर्षं रोज ऐकलं आणि कोणाला म्हणून सांगितलं नाही, कारण ते काम आहे हेच मला माहीत नव्हतं. तिने ते लिहून घेतलं. मग कोणता आवाज आला की कुठल्या पंपाकडे आधी जायचं, यावर दीड तास गेला. चहा थंड झाला.

तर माहिती हवी आहे ती ही. तुमच्या त्या शिक्षणात हे शिकवतात का, की ही मुलगी मुळातच अशी भोचक आहे? तू तेच शिकलीस म्हणून विचारलं. सवडीने कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

बाकी विशेष काही नाही. आपला लंबू तुला आठवत असेल, लहानपणी तुला खांद्यावर बसवून टाकी दाखवायचा तो. डिसेंबरात तीन नंबर पंपाच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरताना ओल्या पायऱ्यांवरून घसरला. पाय मोडला. चौकशी चालू आहे.

तुझे वडील

२१ जानेवारी

चि. मुंगीस,

उत्तर आलं नाही. त्याबद्दल तक्रार नाही. सहा वर्षांत मी तरी कुठे एक ओळ खरडली.

वहीवालीचं आणखी सांगतो. ती एकच प्रश्न तिघांना वेगवेगळं बसवून विचारते. दोन नंबर पंप सुरू करायला किती वेळ लागतो, तर एक म्हणाला पाच मिनिटं, दुसरा म्हणाला बारा, तिसरा म्हणाला त्या पंपाची मर्जी. मी म्हटलं, बघ, यातले दोघं थापा मारतायत. ती म्हणाली, "थापा कशाला मारतील? तिघांचे दिवस वेगळे असतील." आणि निघालं तसंच. एकाची पाळी कायम थंडीतल्या पहाटेची, दुसऱ्याची दुपारची. छापील पुस्तकात एकच आकडा आहे आणि तो तिघांच्याही कामाचा नाही. आता तिच्या वहीत तीन आकडे आहेत, प्रत्येकापुढे केव्हा ते लिहिलेलं.

मी तिला सरळ विचारलं, हे शिकून पोट भरतं का? तिने मनाला लावून घेतलं नाही. म्हणाली, "काका, पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. मुलाखतीत विचारायचे, तुम्हाला काय येतं, आणि मला एका शब्दात सांगता यायचं नाही. वेल्डरला येतं." नंतर एका छापखान्यात मुद्रितं तपासली, मग एका विमा कचेरीत लोकांच्या अपघातांच्या हकिकती लिहून घेतल्या. तिथे तिच्या लक्षात आलं की कॉलेजात जुनी कागदपत्रं वाचताना जे करत होती तेच इथे करतेय. हे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणाला दाखवायला लिहिलं, आणि काय लिहायचं टाळलं. "एवढंच येतं मला," म्हणाली. "पण ते कुठेही लागतं."

मी हे सगळं तुला का सांगतोय ते मला नीट माहीत नाही. तुझा इंजिनियरिंगचा प्रवेश झाला तेव्हा मी तिन्ही पाळ्यांना चहा पाजला होता, आणि महिन्याभरात तू तो रद्द करून आर्ट्‌सला गेलीस. इतिहास शिकून काय भिंती रंगवणार आहेस, असं मी म्हणालो होतो. हे वाक्य मला आठवतंय, तेव्हा तुलाही आठवत असणार.

लंबूला भेटून आलो. प्लास्टर मांडीपर्यंत आहे आणि पलंग त्याच्या उंचीला पुरत नाही, म्हणून पायाखाली स्टूल ठेवलंय. साहेबांचं म्हणणं असं, की खड्ड्यात उतरायचं पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. मग हा उतरला कशाला? स्वतःच्या मर्जीने धोक्याच्या जागी गेला, म्हणजे निष्काळजीपणा. त्याच्या नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. निष्काळजीपणाचा शेरा बसला तर ती जाते. तो मला म्हणाला, "फोरमन, मी तर नेहमीसारखाच जात होतो." मी त्याला म्हटलं, जिवाला लावून घेऊ नकोस, बघू काय होतं ते. पुस्तकात लिहिलेलं नाही ही गोष्ट मात्र खरी आहे.

थंडी फार आहे. तुझ्याकडे कशी?

तुझे वडील

ता. क. तू कुठल्याशा हॉस्पिटलात आहेस एवढं जिन्यात कानावर आलंय. पेशंटांच्या जवळ फार बसत असशील तर हात धूत जा.

३ फेब्रुवारी

मुंगी,

तुझं पत्र मिळालं. दीड ओळीचं. तू विसरली असशील तर इथे उतरवतो: "बाबा, दोन्ही पत्रं पोचली. लंबूकाकांना त्या पायऱ्या पाठ आहेत. पुस्तकात नसताना ते रोज खाली का जात होते?"

सहा वर्षांनी बापाला लिहिलंस आणि त्यात तब्येतीची विचारपूस नाही, आशीर्वाद नाही, नुसता प्रश्न. मला राग आला. पत्र शर्टाच्या खिशात टाकलं आणि पंपघरात गेलो. आज गुरुवार.

वहीवाली जुन्या लॉगबुकांच्या खोलीत बसली होती. लॉगबुक म्हणजे प्रत्येक पाळीची नोंदवही, तुला माहीतच आहे, तू त्यांच्या मागच्या पानांवर चित्रं काढायचीस. तिने वीस वर्षांच्या वह्या फरशीवर ओळीने लावल्या होत्या आणि स्वतः मध्ये मांडी घालून बसली होती, नाकाला धूळ लागलेली. म्हणाली, "काका, मला एक गंमत दिसतेय. बाकीचे चार पंप सुरू करताना नोंदीपुढे एकच सही असते. तीन नंबरपुढे दोन असतात. पण पूर्वी तिथेही एकच असायची. दोन सह्या एका ठरावीक दिवशी सुरू झाल्या. त्या दिवशी काय झालं?"

तू विचारलंस तेच हे. तुम्ही दोघी एकमेकींना ओळखत नाही, हे मी स्वतःला दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, एवढ्या वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतंय. तिने वाद घातला नाही. वही माझ्याकडे फिरवली. पानाच्या तळाशी लिहिलेलं होतं: "तीन नंबर सुरू करताना दुसरा माणूस खाली खड्ड्यात चाकाशी, दहा मिनिटं. नवा व्हॉल्व्ह येईपर्यंत. तात्पुरते." खाली माझी सही. तेव्हा माझं अक्षर बरं होतं.

आता तुला नीट सांगतो, कारण तू नीट विचारलं आहेस.

एकोणीस वर्षांपूर्वी, तू पहिलीत होतीस तेव्हा, तीन नंबरचा व्हॉल्व्ह झिजला होता. पंप सुरू झाला की थरथरीने त्याचं चाक आपोआप उलटं फिरायचं आणि पाण्याची वाट बंद व्हायची. म्हणून मी नियम केला, की पंप स्थिर होईपर्यंत एकाने खाली उतरून चाक दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं. आठ दिवसांचा मामला होता. नवा व्हॉल्व्ह यायला चार महिने लागले. तो बसवल्याची नोंदही त्या वह्यांत आहे, तीही माझ्याच अक्षरात. नव्या व्हॉल्व्हचं चाक फिरत नाही. पहिल्या दिवसापासून कधी फिरलं नाही. पण माणूस खाली जातच राहिला, रोज, एकोणीस वर्षं.

वहीवालीला मी म्हणालो, नियम रद्द करायचा राहून गेला. पहिला एखादा आठवडा ते खरं होतं. त्यानंतर मला चांगलं माहीत होतं.

मग रद्द का केला नाही? सांगायला लाज वाटते. पोरं त्याला फोरमनची दहा मिनिटं म्हणायची. नवा माणूस आला की त्याला खाली नेऊन दाखवायची, हे आमच्या फोरमनने बसवलेलं आहे, पुस्तकात सापडणार नाही. मला ते गोड लागायचं. पंप लावले इंजिनियरांनी, पुस्तक छापलं कारखान्याने, माझं म्हणून त्या पंपघरात तेवढंच होतं. दहा मिनिटं उभं राहण्याने कोणाचं काय बिघडतंय, असं मी मनाची समजूत घालायचो. रिटायर झालो त्या दिवशीही ओठांवर आलं होतं, पण समारंभात कुठे काढायचं म्हणून गिळलं.

आणि लंबूला भेटायला गेलो तेव्हाही गिळलं. तू मागचं पत्र पुन्हा वाच, मी किती सफाईने लिहिलंय ते दिसेल.

वहीवाली शेवटी म्हणाली, "सोमवारी चौकशी आहे. हे पान मी जोडणार आहे, ते मला लपवता येणार नाही. पण काका, पानाला उलटा प्रश्न विचारता येत नाही. तुम्हाला येतो."

सोमवारला चार दिवस आहेत. आईला अजून काही बोललो नाही. तुला आधी लिहिलं.

बाबा

११ फेब्रुवारी

मुंगी,

झालं ते सांगतो.

चौकशीला टेबलापलीकडे तिघे होते, साहेब आणि मुख्य कचेरीतले दोघे. लंबू बाहेर बाकावर कुबड्या घेऊन. मी आत जाऊन म्हणालो, तो खाली गेला तो माझ्या हुकमाने. त्यातल्या चष्मेवाल्यांनी पान पाहिलं आणि विचारलं, "हा आदेश मागे घेतल्याची नोंद कुठे आहे?" मी म्हटलं, नाही, कारण तो मागे घेतलाच नाही. "का घेतला नाही?" आता तुला जे लिहिलं तेच त्यांना सांगावं लागलं, गोड लागायचं तेसुद्धा. एकदा कागदावर उतरलेलं असलं की बोलायला तेवढं जड जात नाही, हे मला नवीन कळलं. चष्मेवाल्यांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं.

लंबूवरचा ठपका निघाला. त्याची दोन वर्षं शाबूत आहेत. साहेबांनी मला दारापर्यंत सोडलं आणि म्हणाले, "आता तुम्ही जरा विश्रांती घ्या." म्हणजे मंगळवार-गुरुवार बंद. छत्तीस वर्षं आणि वर हे तीन महिने, आणि निरोप एका वाक्यात. वाईट वाटलं. वाटायचंच.

लंबूला बाहेर येऊन मी सगळं सांगितलं आणि हात जोडले. त्याने माझे हात खाली केले, मग कुबड्या भिंतीला टेकवून खो खो हसत सुटला. म्हणाला, "फोरमन, त्या खड्ड्यात एकोणीस वर्षांत कोणी चाक धरलंय असं वाटतं का तुम्हाला? आम्ही पाइपाला टेकून डुलकी काढायचो. तेवढी दहा मिनिटं कोणी हाक मारायचं नाही. तुम्ही नियम काढायला निघाला असतात तर आम्हीच काढू दिला नसता." म्हणजे माझा एवढा मोठा शोध, आणि खाली पोरं घोरत होती. हसण्यात मीही सामील झालो, पण त्याच्या प्लास्टरकडे नजर गेली की हसू अर्धवट राहायचं. पाय तर त्याचाच मोडलाय.

वहीवालीने नवीन पुस्तकाचं पहिलं पान मला दाखवलं. प्रत्येक सूचनेपुढे तीन रकाने आहेत: कोणी ठरवलं, का, आणि कधीपर्यंत. तिसरा रकाना मी उभ्या जन्मात कुठल्या तांत्रिक पुस्तकात पाहिला नव्हता. साहेबांनी तिला शुद्धीकरण केंद्राचंही काम दिलंय. मी तिला म्हटलं, तुला काय येतं हे आता कोणी विचारलं तर माझं नाव सांग, मी येऊन सांगतो.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र आहे.

सहा वर्षांपूर्वी मी घरातही एक नियम घातला होता. या घरात त्या कॉलेजचा विषय निघणार नाही. तू तेव्हा हॉस्टेलवर जायची बॅग भरत होतीस, तू ऐकलंस. तो राग आठ दिवसांचा होता, मुंगी. फार तर महिन्याचा. तू पहिल्या वर्षी पहिली आलीस ते मला जिन्यात कळलं होतं आणि मी खाली जाऊन चौकाला दोन चकरा मारून आलो होतो, कारण घरात कोणाला सांगायची सोय नव्हती.

जिना काय ते सांगतो. रविवारी पाचला तुझा फोन येतो. माझ्या चपला वाजल्या की आई म्हणते, "बरं, ठेवते हं," आणि ठेवते. हे ध्यानात आल्यावर मी मधल्या वळणावर खिडकीशी थांबू लागलो, हातात दुधाची पिशवी घेऊन, तुमचं बोलणं संपेपर्यंत. कधी वीस मिनिटं, कधी पाऊण तास. खालच्या मजल्यावरची बाई समजते माझे गुडघे गेलेत. एकदा तिने खुर्ची आणून दिली. तुझी नोकरी, तुझी बदललेली खोली, तुझा तो खोकला, सगळं मी त्या खुर्चीत बसून ऐकलं, तेही एकाच बाजूचं, आई जेवढं बोलेल तेवढं.

सोमवारी घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "मी मागे एक नियम घातला होता, मुलीच्या कॉलेजचा. तो रद्द."

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "किती दिवसांसाठी आहे ते तुम्ही सांगितलंच नव्हतं."

मग तिने एक घडी उलगडून पुन्हा घातली आणि म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला अजून त्रास होतो." तिला वाटायचं मला त्रास होतो, आणि मला वाटायचं तुम्ही दोघींनी मला वगळलंय. खाली चाक धरून उभी होती ती तुझी आई, आणि तिला कोणी सांगितलं नव्हतं की व्हॉल्व्ह कधीच बदललाय. तिचीही माफी मागितली. तुझी मागतो. भिंती रंगवण्याचं वाक्य मी परत घेतो, आणि त्याची नोंद म्हणून हे पत्र ठेव.

पुढच्या रविवारी पाचला मी फोनशेजारच्या खुर्चीवर असेन. दूध सकाळीच आणून ठेवीन. तू बोलायलाच पाहिजेस असं नाही, पण माझ्या चपला वाजल्या तरी आई फोन ठेवणार नाही, एवढं आमचं ठरलंय. बोललीस तर मला तुझं काम समजून घ्यायचं आहे. अर्धवट ऐकलेलं पुरे झालं. मी एक वही आणली आहे, जाड.

सकाळी हॉस्पिटलात शिरल्यावर तू सगळ्यात आधी काय करतेस, तिथून सांगायला सुरुवात कर.

बाबा